खरवड

बर्नलीत नोव्हेंबर लागला की
गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहून म्हातारी होते.
सव्वापाचला मी पायरी उतरते,
हातात दुकानाचं मुदत संपलेलं सभासद-कार्ड.
बर्फ खरवडायचं खरं हत्यार एका पौंडाला मिळतं,
ते मी दोनदा आणलं, दोनदा हरवलं.

सहाला हॉस्पिटलच्या लाँड्रीत हजर व्हायचं असतं.
त्याआधी देवाला वेळ द्यायचा, असं तीन वर्षं ठरवत होते.
वही आणली, निळी, तारखांची,
सात जानेवारीपर्यंत लिहिली.
मेणबत्ती आणली, तिच्या वासानं शिंका आल्या.
फोनवर पहाटे चारचा गजर लावला,
गुडघे टेकले, कपाळ गादीला लागलं
आणि आमेनच्या आधीच घोरू लागले.

आबा संगमनेरकडच्या एका खेड्यात पाळक होते.
चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा
चाळीस वर्षं त्यांनी स्वतः वाजवला, अंगात ताप असतानाही.
त्यांना कधी गुडघ्यांवर झोप लागली नसेल का?
विचारायचं राहून गेलं.

मग एका सकाळी, चिडून काच खरवडताना,
तोंडातून धाकट्या भावाचं नाव निघालं.
शमुवेल.
शिवी द्यायलाच निघालं होतं, खरं सांगते,
दीड गुंठ्यावरून आमचं बोलणं बंद होतं.
पण कार्ड खालीवर चालू होतं,
काचेत तळहाताएवढी जागा मोकळी झाली
आणि शिवी अर्ध्यावरच थांबली.
त्याचं पोट बरं राहू दे, एवढंच म्हटलं.
त्याला अल्सर आहे.

तेव्हापासून काचा वाटून दिल्यात.
समोरची मोठी शमुवेलची, तिला वेळ लागतो.
उजवीकडची मोरीनची. ओल्या चादरी ती माझ्याबरोबर उचलते
आणि गुडघ्याचं नाव काढू देत नाही.
डावीकडची अबीगेलची. लेक माझी, लीड्सला असते,
मेसेजला अंगठा पाठवते.
मागची, काल ज्यांच्या चादरी आल्या त्यांची;
त्यांची नावं मला कळत नाहीत, डाग कळतात.
बाहेरचा आरसा इवलासा, तो माझा.
बहुतेक दिवस तसाच राहतो.

याला कोणी भक्ती म्हणणार नाही.
बोटं बधिर होतात, नाक गळतं,
मधेच मनात येतं, डबा घेतला का?
हो, घेतला, म्हणते आणि पुढच्या काचेकडे वळते.
उन्हाळ्यात काय करशील, मोरीन विचारते.
एप्रिलचं एप्रिलमध्ये बघू.

परवा उशीर झाला. धावत खाली आले
तर सगळ्या काचा लख्ख.
समोरच्या घरातले ॲस्पिनॉल, ऐंशीच्या पुढचे,
घरगुती झग्यावर कोट, हातात प्लास्टिकचं उलथणं.
म्हणाले, "जाग आलीच होती, म्हटलं करून टाकू."
याच माणसानं कचऱ्याच्या डब्यावरून
कौन्सिलकडे माझी तक्रार केली होती.

आभार मानले. आत बसले. हात रिकामे.
आणि राग आला,
कोणी माझं ताट उष्टं करावं तसा.
नावं घशाशी येऊन उभी राहिली.
हाताला काम नाही तर तोंडाला शब्द नाही.

लहानपणी दूध आटलं की पातेल्याला जी खरवड लागायची
तिच्यासाठी मी आणि शमुवेल भांडायचो.
आई चमचा एकाच्याच हातात द्यायची
आणि म्हणायची, अर्धी त्याची ठेव.

इंजिन सुरू केलं. हीटर घरघरला.
आरशावर तेवढा पापुद्रा राहिला होता,
म्हाताऱ्याला दिसला नसेल, किंवा वाकवलं नसेल.
काच खाली केली, हात बाहेर काढला,
कार्डाच्या कोपऱ्यानं खरवडू लागले.
पहिल्याच ओरखड्यात ॲस्पिनॉल दिसले,
उलथणं झटकत आपल्या दाराकडे निघालेले.

त्यांचं पहिलं नाव मला माहीत नाही.
ते, मागे दिसतायत ते, असं म्हटलं,
आणि सहा मिनिटं उशिरा पोचले.